धुळ्याहून सायकलने गडकिल्ले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लळिंग, सोनगीर, गाळणा, भामेर, थाळनेर, पारोळा. धुळ्याहून सायकलने गाठता येतील असे हे किल्ले. खानदेशात गड चढणं फारसं अवघड नाही, अवघड असतं ते दुपारी घरी परतणं. त्यामुळे खालची बरीच उत्तरं किल्ल्यापेक्षा ऊन, वारा आणि काट्यांबद्दल आहेत. अंतरं शहराच्या मध्यापासून, एका बाजूची आणि अंदाजे आहेत.

१. पहिल्यांदाच जाणार आहे. कुठल्या किल्ल्यापासून सुरुवात करू?

लळिंग. मुंबई-आग्रा महामार्गाने मालेगावच्या दिशेला साधारण १० किलोमीटर. जाताना हलका चढ लागतो, येताना तोच उतार होतो. म्हणजे पाय थकलेले असताना रस्ता आपल्या बाजूने असतो, आणि नवख्याला हेच हवं. गावात पायथ्याशी महादेवाचं जुनं हेमाडपंती मंदिर आहे. तिथून पायवाटेने पाऊण ते एक तासात माथा. वर तटबंदी, कातळात खोदलेली पाण्याची टाकी आणि ललितामातेचं मंदिर. खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याच्या काळात थाळनेरइतकंच महत्त्व या गडाला होतं. घराण्याचा मूळपुरुष मलिक राजा याने थोरला मुलगा नासिर याला लळिंग दिला आणि धाकट्याला थाळनेर. पुढे याच नासिरने असीरगड घेतला आणि बुऱ्हाणपूर वसवलं.

सकाळी सहाला निघालात तर अकराच्या आत घरी. हे जमलं की पुढचा सोनगीर.

एक तारीख लक्षात ठेवा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ मध्ये लळिंग कुरणातल्या लांडोर बंगल्यावर मुक्कामी होते. त्या आठवणीसाठी दरवर्षी ३१ जुलैला तिथे मोठी गर्दी लोटते. अभिवादनाला जायचं असेल तर जरूर जा, पण गड शांतपणे बघायचा असेल तर दुसरा दिवस निवडा.

२. सोनगीर आणि लळिंग एकाच दिवशी होतील का?

होतील, पण दोन्ही शहराच्या विरुद्ध टोकांना आहेत. सोनगीर उत्तरेला शिरपूरच्या रस्त्यावर २० किलोमीटर, लळिंग दक्षिणेला १०. एकूण सायकल ६० किलोमीटर आणि दोन चढाया. आधी सोनगीर करा. गड गावाच्या डोक्यावरच आहे, गल्ल्यांतून वाट निघते आणि वीस मिनिटांत माथा येतो. नऊपर्यंत शहरात परत, नाश्ता, मग लळिंग. उलट क्रमाने केलंत तर सोनगीरहून परतीचे २० किलोमीटर भर दुपारी उघड्या रस्त्यावर येतात. नगावबारीचा चढही तेव्हाच नकोसा होतो.

सोनगीरला तांब्या-पितळेची भांडी घडवणारे कारागीर आहेत. घाई नसेल तर गडावरून उतरल्यावर थोडं थांबून काम बघा.

३. गिअरची सायकलच लागते का? घरी साधी काळी सायकल आहे.

लळिंग, सोनगीर आणि पारोळ्याला साधी सायकल पुरते. दोन गोष्टी मात्र करून घ्या.

पहिली गोष्ट फ्रीव्हीलची, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चक्राची. साध्या सायकलला बहुधा १८ दात्यांचं असतं, ते बदलून २२ चं बसवा. चढावर पायावरचा जोर साधारण १८ टक्क्यांनी कमी होतो. सपाटीवर वेग थोडा घटतो, पण या रस्त्यांवर तो सौदा परवडतो. फ्रीव्हील मोठं झालं की चेन अपुरी पडू शकते, म्हणून मिस्त्रीला एखादी जोडकडी हाताशी ठेवायला सांगा.

दुसरी ब्रेकची. सळईचे ब्रेक असतील तर रबराचे ठोकळे नवे घाला. लळिंगच्या उतारावर जुने, कडक झालेले ठोकळे नुसते घासत राहतात, सायकल थांबत नाही.

गाळणा आणि भामेरला गिअर असलेले बरे. तिथे चढापेक्षा अंतर आणि वारा दमवतात (प्रश्न ९ पाहा).

४. कुठल्या महिन्यात आणि किती वाजता निघायचं?

ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि धुळ्याचा पारा कधीकधी दहाच्याही खाली जातो. सायकलवर त्या थंडीत बोटं बधिर होतात आणि ब्रेक उशिरा दाबला जातो. कान झाका, हातमोजे घाला. साधे लोकरीचे चालतात, पण तळव्याला पकड हवी.

मार्च ते जूनमध्ये फक्त लळिंग आणि सोनगीर, तेही पहाटे पाचला निघून साडेनऊच्या आत घरी. मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो. डांबरावरची झळ त्याहून जास्त आणि वाटेत सावलीला झाड मिळेलच असं नाही. त्या दिवसांत लांबचा किल्ला करू नये, सवय असली तरी.

वेळेचा हिशोब असा करा. सपाट रस्त्यावर थांबे धरून तासाला १३ ते १५ किलोमीटर, गडासाठी दोन तास, आणि परतीला जाण्यापेक्षा चौथा हिस्सा वेळ जास्त. त्यात दुपारी एकच्या आत घर येत नसेल तर किल्ला बदला.

५. महामार्गावरून सायकल चालवणं धोक्याचं नाही का?

धोका आहे, पण तो ठरावीक जागी आहे. मुख्य रस्त्यावर पांढऱ्या पट्टीच्या डावीकडे राहिलात तर सरळ पट्ट्यात फारसं काही होत नाही. जपायचं ते उड्डाणपुलाच्या तोंडाशी. सर्व्हिस रोडला उतरणाऱ्या गाड्या डावीकडे वळतात आणि सरळ जाणारा सायकलवाला नेमका त्यांच्या आडवा येतो. तिथे थांबा, मागे वळून बघा, रस्ता मोकळा झाला की सरळ ओलांडा. तिरकं कापत जाऊ नका.

सर्व्हिस रोडवर वेगळी काळजी. राँग साइडने येणारे दुचाकीवाले आणि टेललाइट नसलेल्या ट्रॉल्या तिथे नेहमीच्या. कापूस वेचणीच्या दिवसांत भरलेली ट्रॉली दोन्ही बाजूंनी बाहेर फुगलेली असते. तिला ओलांडताना एक हात जास्त अंतर ठेवा. उजेड होण्याआधी निघायचं तर मागे लाल दिवा, पुढे पांढरा दिवा आणि अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट हवंच. आणि अंतर वाचतं म्हणून राँग साइडने पाचशे मीटरही जाऊ नका.

६. एकाच फेरीत दोन-तीन पंक्चर होतात. असं का?

बहुतेक वेळा पंक्चर नवं नसतं. पहिलाच काटा टायरमध्ये राहिलेला असतो.

इथे चार गोष्टी टायर फोडतात. बाभळीचा लांब काटा आणि बोरीचा वाकडा काटा शेताच्या कुंपणासाठी नेलेल्या फांद्यांतून रस्त्यावर सांडतात. सराटे पावसाळ्यानंतर वाळून कडक होतात आणि रस्त्याच्या कडेला, पायवाटेवर पसरलेले असतात. सायकल मातीत उतरवून उभी केली की दोन्ही चाकांत आठ-दहा सहज घुसतात. चौथी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ट्रकच्या फुटलेल्या टायरची सालं महामार्गाच्या कडेला पडलेली असतात, त्यांतून केसासारखी बारीक पोलादी तार निघते. तिचं पंक्चर हळूहळू हवा सोडतं आणि घरी गेल्यावर कळतं.

बाभळीचा काटा उपटताना टोक मोडतं. बाहेरून काही दिसत नाही, पण दोन मिलिमीटरचं टोक टायरच्या आत डोकावत राहतं. नवी ट्यूब घातली, हवा भरली, की दोन किलोमीटरवर पुन्हा तेच. म्हणून ट्यूब काढली की टायरच्या आतून जुन्या सुती फडक्याचा तुकडा गोल फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे काटा. बोटाने चाचपू नका, तार असेल तर बोट कापतं. टोक आतून बाहेर ढकला, चिमट्याने ओढून काढा आणि पुन्हा एकदा फडकं फिरवा.

काढलेली ट्यूब टायरवर तशीच धरून बघितली, व्हॉल्वची जागा जुळवून, तर भोकासमोर टायरमध्ये काटा कुठे असेल हे लगेच कळतं. त्यासाठी टायरवरचं छापील नाव नेहमी व्हॉल्वपाशी येईल असं बसवायची सवय ठेवा.

टाळायचं असेल तर टायर आणि ट्यूबच्या मध्ये जाड पट्टी घाला, किंवा ट्यूबमध्ये पंक्चररोधक द्राव भरा. सराट्यावर द्राव चांगला चालतो, बाभळीच्या जाड काट्यावर पट्टी. द्राव इथल्या उन्हाळ्यात लवकर सुकतो, दर दोन-तीन महिन्यांनी तपासावा लागतो. शिवाय द्राव असलेल्या ट्यूबवर पॅच नीट बसत नाही.

७. पॅच लावला तरी निघतो. काय चुकतं?

सोल्युशन ओलं असताना पॅच चिकटवला जातो. ट्यूब पॉलिश पेपरने पॅचपेक्षा मोठ्या भागावर घासा, चकाकी जाईपर्यंत. पातळ थर लावा आणि चार-पाच मिनिटं थांबा. बोट लावल्यावर चिकटेल, पण बोटाला ओलं लागणार नाही, अशी वेळ आली की पॅच ठेवून मध्यापासून कडेकडे दाबा. घाम किंवा द्राव लागलेल्या जागी काहीच धरत नाही.

दुसरं कारण ऊन. सकाळी १५ अंशांत ६० पीएसआय हवा भरली आणि सायकल दुपारी उन्हात इतकी तापली की टायर ४५ अंशांवर गेलं, तर दाब सात-आठ पीएसआयने वाढतो. ताजा पॅच मऊ पडून सरकतो. सायकल सावलीत लावा.

८. वाटेतल्या गावात पंक्चर काढून मिळेल का? काय सोबत ठेवू?

मिळेल, पण तुमच्या ट्यूबचा व्हॉल्व कुठला यावर ते ठरतं. साध्या सायकलचा व्हॉल्व आणि मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व या दोघांना गावात हवा मिळते. महागड्या सायकलींच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्वला कुठलाही हवावाला हात लावणार नाही. त्यासाठी पितळी अडॅप्टर घ्या, अगदी स्वस्त मिळतो, आणि एक व्हॉल्ववरच चढवून ठेवा म्हणजे घरी विसरत नाही.

सोबत: दोन जास्तीच्या ट्यूब, पॅच आणि सोल्युशन, टायर उचकटायच्या तीन पट्ट्या (टायर लिव्हर), छोटा पंप, चिमटा, ४-५-६ चे ॲलन पाने. चाक नटांनी बसवलेलं असेल तर १५ चा पाना. तो विसरला जातो, आणि तो नसला तर बाकी सगळं असून चाक निघत नाही.

हवा: रुंद टायरला ३५ ते ४० पीएसआय, बत्तीस मिलिमीटरच्या टायरला ६० च्या आसपास. टायरच्या बाजूला छापलेल्या मर्यादेबाहेर जाऊ नका.

९. भामेरला जाताना वारा फार लागतो असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल परिसरात पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत. भामेर साधारण ५० किलोमीटर: सुरत महामार्गाने कुसुंबा, नेर, मग शेवाळी फाट्यावरून निजामपूरकडे. म्हणजे जवळजवळ पूर्ण वाट पश्चिमेला.

जून ते ऑगस्टमध्ये पश्चिमेचा वारा समोरून येतो आणि तासाला १५ चा वेग दहावर येतो. तरीही भामेरचं एक बरं आहे, परतताना वारा पाठीशी असतो. पारोळ्याचं नेमकं उलट. जाताना मजेत जाता, आणि येताना दमलेल्या पायांनी समोरचा वारा कापावा लागतो. त्यामुळे वाऱ्याच्या दिवसांत ५० किलोमीटरचं भामेर ३५ किलोमीटरच्या पारोळ्यापेक्षा सोपं पडू शकतं. थंडीत वारा मंद असतो, तेव्हा हा हिशोब लागत नाही.

भामेरला स्वतः गावच किल्ल्यात वसल्यासारखं आहे. जुनी प्रवेशद्वारं, घरांच्या आजूबाजूला कोरीव दगड, आणि डोंगराच्या कडेने कातळात खोदलेल्या गुहांची रांग. अहिर राजांची ही राजधानी होती असं सांगतात. गुहा आणि माथा दोन्ही बघायचं तर अडीच तास धरा. एका दिवसात जाऊन-येऊन १०० किलोमीटर होतात. आधी ६०-७० चा सराव नसेल तर हा किल्ला पुढच्या हंगामासाठी ठेवा.

१०. गाळण्याचा रस्ता कसा आहे?

कुसुंब्यापर्यंत सुरत महामार्ग, तिथून डावीकडे मालेगावच्या रस्त्याने डोंगराळे, पुढे गाळणे गाव. ४० किलोमीटरच्या आसपास. किल्ला नाशिक जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात येतो. कुसुंबा सोडलं की वाहनं कमी होतात आणि रस्ता खालीवर होऊ लागतो. लहान चढ एकामागून एक येतात, त्यामुळे जोर लावून संपवण्यापेक्षा हलक्या गिअरवर फिरवत राहा. कुसुंब्याला बाटल्या भरून घ्या, पुढे दुकानांचा भरवसा नाही.

या यादीतला सगळ्यात देखणा किल्ला हाच. पायथ्याशी नाथपंथीयांचा मठ, चांगल्या बांधीव पायऱ्या, एकापाठोपाठ एक चार दरवाजे, फारसी शिलालेख, तटातून दिसणारा खालचा मुलूख. एकच लांबचा किल्ला करणार असाल तर गाळणा करा.

११. पारोळा डोंगरी किल्ला नाही. मग जावं का?

जावं. गुडघ्यांना चढ सोसत नाही अशांसाठी तर हाच बरा. नागपूर महामार्गाने फागणे, अजंग, मुकटी करत सपाट ३५ किलोमीटर. भर बाजारपेठेत भुईकोट आणि त्याभोवती खंदक. वाऱ्याचं वर सांगितलंच (प्रश्न ९).

१२. थाळनेर एका दिवसात होतं का?

धुळ्याहून नको. सोनगीर, नरडाणा, तापी ओलांडून शिरपूर आणि मग पूर्वेला वळून थाळनेर, एका बाजूला ६० च्या वर. शिरपूरला मुक्काम करा आणि सकाळी ताज्या पायांनी जा.

तापीच्या काठावर तट ढासळत चाललेला हा किल्ला फारुकींची पहिली राजधानी. मलिक राजाला हा मुलूख १३७० मध्ये फिरोजशहा तुघलकाकडून मिळाला. गावात फारुकींच्या कबरी आहेत, त्यांतली अष्टकोनी कबर नक्षीसाठी आवर्जून बघावी. १८१८ मध्ये इंग्रजांनी थाळनेर घेतलं तेव्हा दरवाजात झटापट झाली, त्यांचे अधिकारी मारले गेले, आणि त्यानंतर किल्लेदार तुळशीराम यांना फाशी दिली. तापीत उतरू नका. काठाचा गाळ वरून सुकलेला दिसतो आणि पाय आत जातो.

१३. पाणी किती न्यावं? गडावरच्या टाक्यातलं चालतं का?

थंडीत तासाला अर्धा लिटर, मार्चनंतर पाऊण ते एक लिटर. तीन तासांपेक्षा जास्त असेल तर नुसतं पाणी पुरत नाही, घामातून मीठ जातं. एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, किंवा ओआरएसची पुडी. वाटेत ताक मिळालं तर उत्तम.

टाक्यातलं पाणी पिण्यासाठी धरू नका. हिवाळ्यानंतर ते आटतं, हिरवं पडतं. पायथ्याच्या गावात "गडवर पानी शे का?" असं विचारलंत तर खरं उत्तर मिळतं, आणि बहुतेक वेळा घरातून हंड्यातलं पाणीही मिळतं.

१४. काय खावं? ढाब्यावर शेवभाजी खाल्ली तर?

परतल्यावर खा. तेलाचा तवंग आणि तिखट पोटात घेऊन उन्हात ३० किलोमीटर चालवलं की जळजळ होते आणि तहान भागत नाही. भरीत-भाकरीचंही तेच, अंगावर येतं. निघण्याआधी पोहे किंवा भाकरी-दूध. वाटेत दर तासाला एक केळं, गूळ-शेंगदाणे. केळी पाठीवरच्या पिशवीत काळी पडतात, हँडलच्या पिशवीत टिकतात.

१५. सायकल गडावर नेता येते का? खाली कुठे ठेवू?

नेऊ नका. पायऱ्या आणि घसाऱ्यावर ओझं होतं, आणि जुन्या बांधकामाला धक्का लागतो. गावातल्या एखाद्या घराच्या अंगणात, दुकानापाशी किंवा मंदिराच्या आवारात विचारून ठेवा. "दादा, दोन तास सायकल ठेवू का?" एवढं पुरतं. कुलूप तरीही लावा, आणि दिवे, पंप काढून सोबत घ्या. लहान मुलं कुतूहलाने गिअर फिरवतात. उतरल्यावर निघण्याआधी मागचं चाक उचलून पेडल फिरवून बघा, नाहीतर पहिल्याच चढावर चेन पडते.

१६. पावसाळ्यात गड हिरवे असतात, तेव्हा का नको?

डांबरावरून जाता येत असेल तर जा. काळ्या मातीच्या रस्त्याला मात्र हात लावू नका. ओली काळी माती टायरला थरावर थर चिकटते, मडगार्ड आणि ब्रेकच्या फटीत बसते आणि पन्नास पावलांत चाक फिरायचं थांबतं. काठीने खरवडूनही निघत नाही. असं झालंच तर सायकल खांद्यावर घेऊन गवताळ कडेने डांबरापर्यंत जा. जोर लावून ढकलली तर मागचा डीरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) वाकतो.

लळिंगची वाट पावसात निसरडी होते, उतरायला चढण्याइतकाच वेळ धरा.

१७. मधमाश्या, साप, बिबट्या यांची भीती आहे का?

पहिल्यांदा मधमाश्यांची काळजी करा. दरवाजांच्या कमानीत आणि गुहांच्या छतावर आग्या मोहोळ असतं. अत्तर लावू नका, धूर करू नका, मोहोळाखाली आरडाओरडा नको. उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून लांब पळा. सापासाठी गवतात काठी आपटत चाला आणि दगडाच्या फटीत हात घालू नका. बिबट्यासाठी एवढंच, अंधार पडल्यावर कुरणातून सायकल नको.

१८. चाळीसगावचा कण्हेरगड धुळ्याहून करता येईल का?

सरळ सायकलने एका दिवसात नाही. धुळे-चाळीसगाव रेल्वेने जा, सायकल नेण्याबद्दल स्टेशनवर आदल्या दिवशी विचारा, आणि चाळीसगावहून पायथ्याच्या पाटणादेवीपर्यंत सायकल चालवा. हा भाग गौताळा अभयारण्यात येतो, म्हणून वनखात्याच्या वेळा पाळाव्या लागतात आणि संध्याकाळ व्हायच्या आत बाहेर पडावं लागतं.

१९. चक्कर येतेय, अंग तापलंय, घाम थांबलाय. पुढे जावं का?

नाही. घाम थांबून अंग तापणं हे उन्हाच्या झटक्याचं लक्षण आहे. सावलीत झोपवा, कपडे सैल करा, मान, काखा आणि जांघांवर ओलं फडकं ठेवा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. बोलणं असंबद्ध होत असेल तर तोंडाने पाणी देऊ नका, ठसका लागतो. शुद्ध असेल तर घोट घोट द्या. बरं वाटलं तरी त्या दिवशी सायकलवर बसवू नका.

२०. अर्ध्या वाटेत सायकल मोडली किंवा पाय चालेनात. परत कसं यावं?

आग्रा आणि सुरत महामार्गावर धुळ्याकडे रिकामे परतणारे पिकअप मिळतात. फाट्यावर किंवा ढाब्यावर उभे राहा, चालत्या रस्त्यावर हात करू नका. भाडं आधी ठरवा. सायकल ठेवताना चेनची बाजू वर, खाली पोतं, आणि पुढचं चाक काढून फ्रेमला बांधा. एसटीत सायकल घेणं बसच्या टपावर आणि वाहकावर अवलंबून असतं, त्यावर बेत आखू नका. गाळण्याच्या रस्त्यावर डोंगराळ्यापुढे वाहन कमी, म्हणून तिकडे जाताना शहरातल्या एखाद्याला निघण्याची आणि परतीची वेळ सांगून ठेवा, आणि त्याच्याकडे सायकल मावेल अशी गाडी आहे का हेही आधीच विचारून घ्या.